पेट्रोलची जीप, डिझेलचं इंजिन

आलापल्लीला माझ्या शेडच्या मागे कडुलिंबाखाली एक इंजिन पडून आहे. लोखंडाचा तो ठोकळा गेली चाळीस वर्षं तिथंच आहे. कोंबड्या त्याच्यावर बसतात, उन्हाळ्यात घरची मंडळी त्याच्यावर पापडाची ताटं ठेवतात. गॅरेजमध्ये येणारा माणूस हमखास विचारतो, मिस्त्री, हे भंगारात का देत नाही? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. आज मात्र तुम्हाला त्याची हकिगत सांगणार आहे.

आमचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्याआधी आम्ही चंद्रपूरचे, आणि जुन्या माणसांच्या तोंडी चांद्याचेच. मी पंधरा वर्षांचा असताना, १९७४ मध्ये, चंद्रपूरला एका गॅरेजमध्ये पाने-पकड उचलून द्यायला लागलो, आणि १९८१ मध्ये आलापल्लीला स्वतःची शेड टाकली. शेड म्हणजे सागाचे चार खांब आणि वर पत्रे. त्या वेळी आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात रस्ता म्हणण्यासारखा राहत नसे. पेरमिली, ताडगाव करत जायचं, आणि वाटेत नाल्यामागून नाले. पूल नाही. कुठं दगडी रपटा, कुठं तोही नाही. पुढे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. त्यांना पूर आला की पलीकडचा मुलूख जगापासून तुटायचा.

अशा मुलखात चालणारं वाहन म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं काढून टाकलेल्या विलिज आणि फोर्डच्या जीपा लिलावात निघाल्या आणि जंगलच्या ठेकेदारांकडे आल्या. लाकूड ओढायला लष्करी ट्रकही आले. त्यानंतर १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रा कंपनीनं विलिजच्या परवान्यानं मुंबईत जीप जोडायला घेतली. आपल्या पिढीनं जी उंच बोनेटची जीप पाहिली, ती सीजे-३बी. ते बोनेट उंच का, हे फार जणांना ठाऊक नसतं. त्या जीपमध्ये जे नवं इंजिन घातलं, त्याच्या आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह डोक्यावर होते आणि धूर बाहेर टाकणारे बाजूला. डोक्यावरच्या व्हॉल्व्हमुळे इंजिन उंच झालं, म्हणून बोनेटही वर उचलावं लागलं. या इंजिनाचं नाव हरिकेन. चार सिलिंडर, सुमारे २,२०० सीसी, सत्तरच्या वर अश्वशक्ती. कडुलिंबाखाली पडलेलं इंजिन ते हेच.

हरिकेन म्हणजे वादळ. पण या वादळाला गुडघाभर पाणी भारी पडत असे.

त्याचं कारण सांगतो. पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगीनं पेटतं. ठिणगी पडते प्लगमधून, आणि कोणत्या प्लगला कधी करंट द्यायचा हे ठरवणारा डबा म्हणजे डिस्ट्रिब्युटर. आम्ही मिस्त्री लोक त्याला डेल्को म्हणतो. डेल्कोत ओल शिरली की करंट भलतीकडे जातो आणि इंजिन मेलं. नाल्यात गाडी घातली की पुढचा पंखा पाणी उचलतो आणि कारंज्यासारखं मागं इंजिनावर उडवतो. जाणते ड्रायव्हर नाल्याच्या काठावर उतरून पंख्याचा पट्टा काढून ठेवायचे, डेल्कोला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधायचे, सांध्यांवर ग्रीस थापायचे. पलीकडे गेल्यावर पुन्हा पट्टा चढवायचा. दिवसा, कोरड्या हातांनी, घाई नसताना हे सगळं जमतं.

१९८४ च्या श्रावणातली गोष्ट. पेरमिलीच्या बाजूला एक गृहस्थ होते, किराणा आणि तेंदूपत्त्याचं काम करायचे. सगळा मुलूख त्यांना मामा म्हणायचा, मीही म्हणायचो. त्यांच्याकडे १९६२ सालची जीप होती, लिलावात घेतलेली. एका रात्री आतल्या गावातून माणसं आली. बाळंतपण अडलं होतं. मामांनी जीप काढली, बाईला मागे चटईवर निजवलं आणि अहेरीच्या दवाखान्याकडे निघाले. पाऊस धो धो. वाटेतल्या नाल्यावर आले तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं आणि चढत होतं. पट्टा काढायचं ड्रायव्हरला सुचलं होतं, पण बाई ओरडत होती, मामाच म्हणाले, घाल गाडी. मधोमध गेल्यावर पंख्यानं पाणी उडवलं आणि इंजिन बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. शेवटी गावातून खाट आणली, चार माणसांनी बाईला खाटेवर घेऊन नाला ओलांडला आणि तशीच पायी वाट धरली. पहाटे दवाखान्यात पोचले. बाई वाचली. मूल गेलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मी ती जीप बैलजोडी लावून बाहेर काढली. मामा काठावर उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मिस्त्री, हे इंजिन काढून फेक. पान्यात मरनार नाही असं काही बसव. पयसे किती लागतीन ते मागून सांग."

पाण्यात न मरणारं म्हणजे डिझेल. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, हा अनुभव तुम्हालाही असेल. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं या साध्या गोष्टीवर इंजिन बांधलं आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला ते चालवून दाखवलं. आमच्या पेट्रोल जीपमध्ये सात भाग हवेचा एक भाग व्हायचा. डिझेलमध्ये सोळा, अठरा, वीस भागांचा एक भाग करतात. हवा पाचशे अंशांच्या वर तापते, तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. प्लग नाही, डेल्को नाही, कॉइल नाही. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर विजेची गरजच नसते. बॅटरी काढून घेतली तरी ते चालत राहतं. पंख्यानं कितीही पाणी उडवलं तरी त्याला फरक पडत नाही.

इंजिन बदलायची ही कल्पना काही माझी नव्हती. इंग्लंडात पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीचं पी६ हे डिझेल इंजिन १९३७ मध्ये आलं, आणि पेट्रोलच्या लॉऱ्यांमधलं इंजिन काढून त्याच्या जागी बसवण्यासाठी ते नावाजलं. आपल्याकडे मद्रासच्या सिम्पसन कंपनीनं पर्किन्सची इंजिनं बनवायला घेतली. जीपचं तर कंपनीनंच करून दाखवलं. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीला सोबत घेऊन ट्रॅक्टर काढला, तो बी-२७५. त्याचं १४४ घनइंचाचं डिझेल इंजिन शेतकऱ्यांमध्ये दणकट म्हणून ओळखलं जायचं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलचे भाव चढले, डिझेल मात्र शेतीचं आणि मालवाहतुकीचं इंधन म्हणून सरकारनं स्वस्त ठेवलं. तेव्हा कंपनीनं या ट्रॅक्टरच्या इंजिनाचाच अवतार जीपमध्ये घातला. पुढे प्युजोचं एक्सडीपी ४.९० आलं. त्यातला चार म्हणजे चार सिलिंडर, आणि नव्वद म्हणजे सिलिंडरचा नव्वद मिलिमीटरचा व्यास. कारखान्यातून डिझेल जीपा निघू लागल्यावर ज्यांच्याकडे जुन्या पेट्रोल जीपा होत्या ते आमच्यासारख्यांकडे येऊ लागले. बहुतेकांना पैसे वाचवायचे असत. पेट्रोलची जीप लिटरला सात-आठ किलोमीटर द्यायची, डिझेलची अकरा-बारा. मामांसारखा पाण्यासाठी आलेला गिऱ्हाईक मला तोपर्यंत भेटला नव्हता.

मी नागपूरला गेलो. भंगार बाजारात एका उलटलेल्या डिझेल जीपचं इंजिन मिळालं. खुद्द ट्रॅक्टरचं इंजिन स्वस्तात मिळत होतं, पण ते घेऊ नये. ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते, इंजिनच गाडीचा कणा असतो, त्यामुळे त्याचं ओतकाम भयंकर जड. जीपसाठी बनवलेलं घ्यावं, आणि त्याच्यासोबत फाउंडेशन, बेल हाउसिंग, रेडिएटर, जे जे मिळेल ते उचलून आणावं.

येताना चंद्रपूरला उस्तादांकडे गेलो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद. त्यांनी इंजिन पाहिलं, हात फिरवला आणि म्हणाले, "इंजिन तो बैठ जाएगा बेटा, बाकी गाडी को कौन समझाएगा?" मी हसलो. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

काम अठरा दिवस चाललं. सागाच्या तीन वाशांची तिवई उभी केली, चेन-पुली टांगली आणि हरिकेन बाहेर काढलं. ते कडुलिंबाखाली ठेवलं, तेव्हापासून तिथंच.

नवं इंजिन खाली सोडायला दहा मिनिटं लागतात. वेळ खातात ती आजूबाजूची कामं. पहिलं म्हणजे सेंटर. इंजिनाचा क्रँक आणि गिअर बॉक्सचा शाफ्ट एका रेषेत यायला हवेत. मधे प्लेट घालावी लागते, ती लेथवर कातून आणावी लागते, आणि तिचं भोक केसभर जरी सरकलं तरी गिअर बॉक्सची बेअरिंग महिनाभरात रडायला लागते. क्रँकच्या टोकाला गनमेटलचं छोटं बुश असतं, गिअर बॉक्सच्या शाफ्टचं नाक त्यात बसतं. ते नाक बोटानं ढकललं की आत गेलं पाहिजे. बोल्ट आवळून ओढून घ्यावं लागलं तर समजावं की काम चुकलंय. मी ती प्लेट घेऊन दोनदा चंद्रपूरला गेलो.

दुसरी गोष्ट टाकीची. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पेट्रोलचं एकदा इंजिनाकडे गेलं की गेलं. डिझेलचा पंप मात्र गरजेपेक्षा जास्त तेल ओढतो आणि उरलेलं परत टाकीत पाठवतो. म्हणजे टाकीला आणखी एक नळी जोडायची. जोडायची म्हणजे वेल्डिंग. रिकाम्या पेट्रोलच्या टाकीला ज्योत लावणं म्हणजे बॉम्बला काडी लावणं. आत पेट्रोल नसतं, वाफ असते, आणि पेटते ती वाफच. सोड्यानं धुवायची, दोन दिवस उन्हात उघडी ठेवायची, आणि वेल्डिंग करताना गळ्यापर्यंत पाणी भरून ठेवायचं. हे मी शिकलो ते उस्तादांच्या डाव्या हाताकडे बघून. त्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती.

मग फिल्टर. पेट्रोल इंजिन थोडी घाण सहन करतं, डिझेलचा पंप आणि नोझल करत नाहीत. आमच्याकडे डिझेल ड्रममधून यायचं, तळाशी पाणी आणि गंज घेऊन. मी मामांना सांगितलं, ड्रम हलवला तर दिवसभर तसाच ठेवा, वरचं तेल काढा, तळातलं चार बोटं सोडून द्या. पाणी गेलं की पंप गंजतो, आणि पंप उघडायचा म्हणजे चंद्रपूर गाठायचं.

एक गमतीची गोष्ट सांगायलाच हवी. पेट्रोल गाडी किल्लीनं बंद होते, कारण किल्ली करंट तोडते. या डिझेलला करंटच लागत नाही, मग किल्लीनं ते बंद कसं होणार? त्याला तेल तोडावं लागतं. त्यासाठी मी डॅशबोर्डवर ओढायची एक दोरी बसवली होती आणि मामांना दाखवलीही होती. पहिल्या दिवशी मामा घरी गेले, किल्ली काढली, खिशात टाकली आणि जेवायला बसले. जीप अंगणात भडभडतच राहिली. मामींनी पोराला पिटाळलं, जा, मिस्त्रीले बोलाव, गाडीत काहीतरी शिरलं म्हणावं.

वेगाचंही समजावून सांगावं लागलं. या जीपच्या मागच्या शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. हरिकेन मिनिटाला ४,००० फेरे घ्यायचं, त्या हिशेबानं टॉप गिअरमध्ये शंभरच्या जवळ जाता यायचं. आमचं डिझेल अडीच हजारांना दम खायचं, म्हणजे साठ-बासष्ट. त्याच्या वर रेटलं की कानाचे पडदे फाटायचे. क्राऊन-पिनियन बदलून हे सुधारता येतं, पण पेरमिलीच्या वाटेवर साठनं जायचं आहे कुणाला? उलट खालच्या फेऱ्यांवर ताकद चांगली. फोर व्हील टाकून पहिल्या गिअरमध्ये सोडली की चिखलातून बैलासारखी निघायची.

भाद्रपदात आम्ही ती त्याच नाल्यात घातली. मी चालवत होतो, मामा शेजारी. पंख्यानं पाणी उडवलं, बोनेटखालून वाफ आली, दिवा फुटला, पण इंजिन एका लयीत वाजत राहिलं. पलीकडे चढल्यावर मामा उतरले आणि थोडा वेळ नाल्याकडे बघत उभे राहिले. मी काही विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात ती जीप चार-पाच पेशंट घेऊन अहेरीला गेली, आणि सगळे पोचले. माझं नाव झालं. एटापल्ली, सिरोंच्याकडून लोक यायला लागले. "पान्यात न मरनारं बसवून द्या" असं येऊन म्हणायचे. इथं एक सांगून ठेवतो, कारण पुढे एकानं या बोलण्याचा अर्थ भलताच घेतला आणि बोनेट बुडेल एवढ्या पाण्यात गाडी घातली. डिझेल ओलीला भीत नाही, पण त्याला श्वास तर हवाच. एअर क्लीनरच्या तोंडातून पाणी आत गेलं की संपलं. हवा दाबते, पाणी दाबत नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल इंजिन बहुतेक वेळा त्याआधीच बंद पडतं, म्हणून वाचतं. डिझेल शेवटपर्यंत चालतं आणि मोडतं.

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो.

डिझेल इंजिन जड असतं. एवढा दाब सोसायचा तर भिंती जाड लागतात. मी पुढच्या पाट्यांमध्ये एकेक पान वाढवलं होतं, गाडीचं नाक खाली बसू नये म्हणून. पण ब्रेक? त्या जीपला नऊ इंची ड्रम, हलक्या गाडीसाठी केलेले. लायनर झिजलेले होते, मास्टर सिलिंडर जुना होता, हे मला दिसलं होतं. पण पाऊस संपायच्या आत मामांना गाडी हवी होती, आणि मलाही ती नाल्यातून काढून दाखवायची घाई होती. ब्रेकचं पुढच्या खेपेला बघू, असं मीच म्हणालो. पुढची खेप आली ती तेल बदलायला. तेव्हाही राहून गेलं.

१९८५ च्या मे महिन्यात, तेंदूच्या हंगामात, मजुरी वाटायला जीप निघाली होती. सहा माणसं, दोन डिझेलचे कॅन, पाण्याचं पिंप. नाल्याच्या उतारावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पाय पाटीला लागला, आणि गाडी थांबली नाही. त्यानं शहाणपण करून येनाच्या झाडावर घातली, नाहीतर खाली दगडात गेली असती. पुढे बसलेला हेल्पर पोरगा सतरा वर्षांचा होता. त्याचा पाय इंजिन आणि झाड यांच्या मधे सापडला. दोन ठिकाणी मोडला. चंद्रपूरला तीन महिने पडून होता. पाय राहिला, पण आखूड.

विम्याचे पैसे मिळाले नाहीत. नोंदणीच्या पुस्तकात इंधन पेट्रोल आणि इंजिनाचा नंबर कडुलिंबाखालच्या इंजिनाचा. विमेवाल्यांनी पुस्तक पाहिलं, गाडी पाहिली आणि कागद परत केला. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तेव्हा १९३९ चा मोटार कायदा होता, गाडीत बदल केला तर चौदा दिवसांत कळवायचं हे त्यातही लिहिलं होतं. मामांना हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही, कारण कागदाचं काम म्हणजे चंद्रपूरच्या चार खेपा, आणि गिऱ्हाईक बिचकतं. दवाखान्याचा खर्च मामांनी केला. मी अर्धा देऊ केला, त्यांनी चौथाई घेतला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मात्र मामांच्या जीपला मोठ्या ड्रमचे ब्रेक बसवले, नळ्यांसकट सगळं नवं, आणि कागदही रीतसर करून घेतले. तिथून पुढे माझ्याकडे इंजिन बदलायला कुणी आलं की मी आधी चाकं काढायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, आम्ही इंजिनासाठी आलोय. मी म्हणायचो, ब्रेक झाल्यावर इंजिन उतरवू, आणि कागदाच्या खेपेचे पैसे आधी ठेवा. कित्येक जण दुसरीकडे गेले. उस्तादांना जाऊन सगळं सांगितलं तेव्हा ते नुसते "हूं" म्हणाले आणि चहा मागवला.

या धंद्याचे दिवस आता गेले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं, निर्मात्यानं दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायला मालकाला मनाई आहे. इंधन बदलायचं तर ठरलेल्या अटींनुसार किट बसवावं लागतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या कलमावर बोट ठेवून तेच सांगितलं. पैशाचा हिशेबही बदलला. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि दोन्हींतलं पूर्वीचं अंतर उरलं नाही. आज कुणी जुन्या गाडीत भंगारातलं डिझेल इंजिन घालून मागायला आला तर मी नाही म्हणतो. त्या इंजिनांचा धूर मी आयुष्यभर छातीत घेतलाय, त्याचीही आठवण करून देतो. त्या नाल्यावर आता पूल आहे. पावसाळ्यात भामरागडच्या बाजूला अजूनही वाट अडते, पण बाईला घेऊन जायला रुग्णवाहिका येते, जीप शोधावी लागत नाही.

आणि आता उलटी वाट सुरू झाली आहे. पुण्या-मुंबईकडची तरुण मुलं जुन्या जीपा शोधत येतात. आमच्यासारख्यांनी बसवलेलं डिझेल काढायचं आणि कारखान्यातून आलं तसं पेट्रोल इंजिन पुन्हा घालायचं, असा त्यांचा छंद आहे. मागल्या वर्षी असाच एक मुलगा आला. शेडच्या मागे हात धुवायला गेला आणि तिथूनच ओरडला, "काका, हे हरिकेन आहे का?" पापडाचं ताट उचलून त्यानं इंजिनावर हात फिरवला, नंबर पुसून वाचला, मोबाइलवर फोटो काढले. म्हणाला, "काका, किती घ्याल?"

मी म्हटलं, आधी तुझ्या गाडीची चाकं काढ, ब्रेक दाखव. तो हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग गंभीर होऊन म्हणाला की त्याची गाडी आलापल्लीला आणलेली नाही, पुण्याला आहे. मी म्हटलं, मग फोटो पाठव.

त्यानं पाठवले. लायनर नवे आहेत, सिलिंडर नवा आहे, नोंदणीच्या पुस्तकात पेट्रोल लिहिलेलं आहे. इंजिन घ्यायला तो दिवाळीनंतर येणार आहे. परवा मी प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं डिझेल ओतून ठेवलं, गंज सुटावा म्हणून. आठ दिवसांनी हँडल मारून बघितलं. जरा अडलं, मग फिरलं.

आमचा तो हेल्पर आता साठीला आलाय. आलापल्लीच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. त्याला विचारलं, ते इंजिन देऊ का रे? तो म्हणाला, "दे नं भाऊ. माह्या पायानं का त्याच्यावर दावा ठोकलाय?"